तारेला राखणदार नसतो

प्रति,
मा. सरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसभा,
ग्रामपंचायत गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली



येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. पीक राखायच्या नावाखाली शिवारात जे लावले जाते, म्हणजे उघड्या तारेत सोडलेला करंट, क्लच वायरचे फास, कणकेच्या गोळ्यात दडवलेला गावठी बॉम्ब, थायमेट कालवलेले दाणे, त्यातले काहीही गावाच्या हद्दीत कोणी लावणार नाही असा ठराव व्हावा, ही विनंती.

तेवढेच मागायचे असते तर दोन ओळींचा अर्ज पुरला असता. पण दोन ओळींचा असा ठराव ग्रामसभेत पडेल, आणि पडला तर मला त्यात काही वावगे दिसणार नाही. रात्री डुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला आणि पहाटे ज्याला आपले वावर नांगरून काढल्यासारखे दिसले, त्याला नुसते ‘हे लावू नको’ म्हणणे म्हणजे त्याला एकट्याला सोडून देणे. ठरावाला दुसरा भाग हवा आणि तो पहिल्यापेक्षा मोठा हवा. तो काय असावा, हे सांगायला मला थोडी जागा लागणार आहे.

हे पत्र कोणाकडे बोट दाखवायला नाही. तार कोणाच्या धुऱ्यावर आहे, गोळे कोण आणून देतो, ही चौकशी वनखात्याची आणि पोलिसांची. शिवाय हा प्रकार काही एका गावाचा नाही. पैनगंगेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, विदर्भ-मराठवाड्यात जिथे सोयाबीन, तूर आणि हरभरा आहे तिथे हेच चालते. गोरेगावला लिहायचे कारण वेगळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच गावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडायला स्वतःचे अवयव विक्रीला काढले आणि तसे सरकारला कळवले. त्या बातमीने गावाचे नाव महाराष्ट्रभर गेले. आपले दुखणे चारचौघांत, उघडपणे मांडायची धमक या गावात आहे. जनावरांच्या बाबतीत मात्र आपण सगळेच उलटे वागतो. नुकसान गुपचूप सोसतो आणि त्यावरचा इलाजही गुपचूप करतो. माझे सगळे भांडण या गुपचूपपणाशी आहे.

कायद्याचे आधी उरकतो. बंदूक घेऊन रानात गेले तरच शिकार, असा आपला समज असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ने शिकारीची जी व्याख्या केली आहे तिच्यात मारणे आणि विष घालणे तर आहेच, शिवाय पकडणे, फास लावणे, सापळा मांडणे, हाका घालणे आणि आमिष ठेवणेही आहे. यातल्या कशाचा नुसता प्रयत्न केला तरी तो शिकारीतच मोडतो. म्हणजे रात्री गोळा ठेवला, डुक्कर फिरकलेच नाही आणि सकाळी गोळा उचलून आणला, तरी गुन्हा घडून गेलेला असतो. तारेसाठी खांबावर आकडा टाकला असेल तर विद्युत कायदा २००३ चे कलम १३५ लागते, ती वीजचोरी. त्या तारेला माणूस चिकटला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०५, सदोष मनुष्यवध. एका तारेवर तीन खाती येऊन बसतात.

कायद्याने एक सरळ वाटही ठेवली आहे, ती सांगायला हवी. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ खाली पिकाला उपद्रव देणारे जनावर मारायचा परवाना मिळू शकतो आणि रानडुक्कर व रोह्यापुरता हा अधिकार राज्य सरकारने २०१५ मध्ये वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणला. पण परवान्याचा कागद घेऊन पाच एकर सोयाबीनवाल्याने करायचे काय? मारायला बंदूक हवी, बंदुकीला वेगळा परवाना हवा आणि अंधारात पळत्या डुकरावर नेम धरणारा हात हवा. यातले त्याच्याकडे काहीच नसते. म्हणून कागदावरची वाट कागदावर राहते आणि तार वावरात येते.

आमिष दाखवून, फास मांडून जनावर धरणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. तिला मी नावे ठेवत नाही. चित्ता ठरावीक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतो, खोडावर नखे ओढतो, वास सोडून जातो. पारधी असे झाड हेरत, त्याच्या भोवती तातीचे फास मांडत आणि चित्ता जिवंत धरत. असे धरलेले, माणसाळवलेले चित्ते संस्थानिकांच्या पदरी असत आणि त्यांच्याकडून काळविटांची शिकार होई. हरणांसाठी फासांची माळच्या माळ लागे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८३ च्या एका निबंधात नोंदवून ठेवले आहे की, फासात पाडस किंवा गाभण हरिणी सापडली तर फासेपारधी तिला सोडून देत. आता कोणी म्हणेल, उद्याच्या शिकारीची ती बेगमी होती. असेल. पण सोडून देता येई, कारण फास लावणारा तिथे हजर असे. दबा धरून, श्वास रोखून, पण हजर. काय अडकले ते पाहणारा आणि काय ठेवायचे ते ठरवणारा एक माणूस त्या फासाच्या पाठीमागे होता.

इंग्रजी राजवटीने या समाजाला गुन्हेगार जमात ठरवले. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातून गेला, लोकांच्या मनातून गेला नाही. आजही शिवारात फास सापडला की पहिले नाव पारध्याचे निघते, मग तो फास आपल्याच गाडीच्या क्लच वायरचा का असेना. आपल्या शेजारच्या वाशिम-अकोल्याकडे याच समाजातली माणसे ‘संवेदना’ या संस्थेबरोबर गवताळ माळ राखतात. तिथे तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी येतो. हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितले.

पारध्याच्या फासात आणि आपल्या तारेत फरक आहे तो एवढाच, की तारेपाशी कोणी नसते. संध्याकाळी खुंट्या ठोकायच्या, गुडघ्याखाली येईल अशी बाइंडिंगची तार ओढायची, आकडा टाकायचा आणि घरी येऊन झोपायचे. त्यानंतर त्या तारेला जे लागेल ते मरते. डुकरासाठी लावलेली तार डुकराची वाट पाहत थांबत नाही. कोल्हा, हरिण, शेजाऱ्याची म्हैस, रात्रीच्या पाळीची लाईट आली म्हणून मोटार चालू करायला निघालेला माणूस, सगळे तिला सारखेच. आणि मरणारा माणूस बहुधा परका नसतो. रात्री-अपरात्री त्या धुऱ्यावरून जाणार कोण? शेजारी, सालगडी, नाहीतर तार कुठवर आली आहे हे अंधारात विसरलेला घरचाच कोणी.

दूरचे दाखले देतो, कारण जवळचे दिले की नावे निघतात. मे २०२२ मध्ये केरळातल्या पालक्काड जिल्ह्यात पोलिसांच्या छावणीला लागून असलेल्या भातशेतात दोन पोलीस मेलेले सापडले. डुकरासाठी सोडलेल्या करंटने ते गेले होते. जून २०२५ मध्ये त्याच राज्यात मलप्पुरम जिल्ह्यात मासे धरायला निघालेला १५ वर्षांचा मुलगा अशाच तारेने गेला. आता आपल्या राज्यातले, तेही लांबचेच. २०१७ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या एका वाघिणीला मारायची परवानगी न्यायालयापर्यंत जाऊन पक्की झाली, नेमबाज तिच्या मागावर फिरत राहिले, आणि त्या ऑक्टोबरात ती वर्धा जिल्ह्यात एका शेताच्या तारेला लागून मेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागभीडकडे ‘जय’ या नामांकित वाघाचा बछडा श्रीनिवास असाच गेला. तो पुरलेला सापडला. ते पुरणे माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याने तार लावली त्याला वाघ नको होता, डुक्कर हवे होते. सकाळी समोर वाघ पडलेला पाहून त्या माणसाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. त्याच्यापुढे वनखात्याला कळवायची वाट होतीच, पण ती वाट तारेने आदल्या रात्रीच बंद केली होती.

वाघाचा आणि आपला काय संबंध, असे म्हणू नका. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ नवे रान शोधायला निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा मार्ग कळला. नांदेड, तेलंगणातले आदिलाबाद, आपला हिंगोली, वाशिम असे जिल्हे तुडवत वर्षअखेरीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त चालला. लोकांनी त्याचे नावच ‘वॉकर’ ठेवले. दिवसा नाल्यातल्या झुडपात पडून राहायचे आणि रात्री पऱ्हाटीतून, तुरीतून चालायचे, हा त्याचा क्रम. वाटेत त्याने गुरे मारली हे खरे, रानडुकरेही मारली. पावसाळ्यापासून थंडीपर्यंतचा तो काळ, म्हणजे शिवारात तारा लागतात नेमका तोच. तो जिवंत पोहोचला यात आपले कर्तृत्व काही नाही. पण हिशेब पाहा. डुक्कर खाणारे जे थोडे प्राणी उरलेत, वाघ-बिबट्यापासून पिल्लू उचलणाऱ्या लांडग्यापर्यंत, ते एका वेताला एक-दोन किंवा फार तर चार-पाच पिल्ले देतात आणि त्यांची पिल्ले मोठी व्हायला वर्षे लागतात. डुकरीण एका वेताला चार-सहा पिल्ले सहज देते. तारेने दोन्हीकडचे एक-एक मेले, तर पुढच्या हंगामात कोणाचा कळप वाढलेला असेल?

बॉम्बबद्दल थोडक्यात. कणीक, चरबी किंवा कोंबडीची आतडी लावलेला गोळा डुकराने चावला की जबडा फुटतो, पण जनावर लगेच मरत नाही. तोंड फुटलेले डुक्कर दिवसचे दिवस तहानलेले फिरते आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पडते. म्हणजे ज्याने गोळा ठेवला त्याला ना मांस मिळते ना पीक वाचल्याची खात्री. मे २०२० मध्ये पालक्काडात एक गाभण हत्तीण अशीच तोंड फुटून नदीत उभी राहून मेली. तिची बातमी जगभर गेली. त्याच सुमारास हिमाचलात बिलासपूरकडे एका गाभण गाईने कणकेतला गोळा चावला. तिची बातमी तेवढी गेली नाही. आपल्याकडे असा गोळा आधी कोण हुंगणार ते सांगायला नको. आखाड्यावरचे कुत्रे, चरायला सोडलेली गाय, चेंडू समजून उचलणारे पोर.

आणि थायमेट, म्हणजे फोरेट, देशात २०२० च्या अखेरीपासून बंद आहे. जुना डबा कोणाच्या कोठीत पडला असेल तर तो दाण्यांत कालवायला ठेवू नये. विष खाऊन मेलेल्या जनावरावर कावळे, घारी, कोल्हे येतात आणि तेही मरतात. मोर तर दाणेच टिपतो.

सरकारी आमिषांची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर शेतकऱ्यालाच शहाणपण शिकवतो असे होईल. यवतमाळच्या पांढरकवड्याजवळ ‘अवनी’ वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे बळी लागले. तिला जिवंत धरायला २०१८ मध्ये काय केले नाही? शेळ्या बांधल्या, घोडे बांधले, हत्ती आणले. त्या हत्तींतला एक सुटला आणि त्याच्या पायी एका बाईचा जीव गेला. शेवटी ‘ऑब्सेशन’ नावाचे परदेशी अत्तर आणून शिंपडले, कारण त्यातल्या जवादी मांजरासारख्या गंधाने मोठी मांजरे थबकतात असा अनुभव न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाला आला होता. वाघीण अत्तराला काही भुलली नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मेली आणि त्यावरून न्यायालयापर्यंत वाद गेला. आमिष ही इतकी बेभरवशाची चीज आहे की अख्खे खाते, देशभरातले तज्ज्ञ आणि महागडे अत्तर एकत्र येऊनही ती हुकते.

जुन्नरचा अनुभव याहून शिकवणारा आहे. तिथे उसात बिबटे वाढले तेव्हा, २००१ ते २००३ च्या दरम्यान, दिसला बिबट्या की पिंजरा, असा सपाटा लागला होता. पिंजऱ्याच्या मागच्या खणात जाळीआड शेळी, पुढच्या खणात पाय पडला की दार खाली. शेळी वाचते, बिबट्या अडकतो. यंत्र उत्तम आहे. पण ज्याने हल्ला केला तोच बिबट्या आत आला की भलताच, हे पिंजऱ्याला कळत नाही. धरलेले बिबटे नेऊन दूरच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला तेव्हा दिसले, की जिथे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. उपद्रव धरून नेता येत नाही, तो दुसऱ्याच्या दारात जाऊन उतरतो. (डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी वनमंत्र्यांनी बिबट्यांसाठी जंगलात एक कोटीच्या शेळ्या सोडायचा विचार बोलून दाखवला. त्यावर मी काही म्हणत नाही. शेळ्यांना विचारावे.)

मग आमिष लावून डुकरे धरताच येत नाहीत का? येतात. अमेरिकेत माणसांनीच सोडलेली, मोकाट होऊन वाढलेली डुकरे शेतीचा फडशा पाडतात. तिथल्या मिझुरी राज्याने २०१६ मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीलाच बंदी घातली. ऐकायला उलटे वाटते. कारण सरळ होते: शिकाऱ्याने एक मारले की उरलेला कळप पांगतो, शहाणा होतो आणि नव्या शेतात जातो. त्याऐवजी गोल कुंपण उभारतात, काही रात्री मका टाकून कळपाला सवय लावतात, कॅमेऱ्यातून पाहत राहतात आणि शेवटचे पिल्लू आत आल्यावरच दार पाडतात. तिथेही बघणारा डोळा आहे. हे काम परवानगीने, खात्याने, प्रशिक्षित माणसांनी करायचे. आपल्या गावाने ते वनखात्याकडे मागावे, स्वतः करू नये.

आता ठरावाचा दुसरा भाग, ज्यासाठी खरे तर हे पत्र आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले, की वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीच्या जोडीला घेतले जाईल, खरीप २०२६ पासून. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत विम्याच्या ॲपवर, जागेची खूण असलेल्या फोटोसह कळवायचे. यातली मेख पुढे आहे. कोणते प्राणी आणि कोणते भाग यात धरायचे, ते राज्याने ठरवायचे आहे, आणि ते ठरणार जुन्या नोंदींवरून. ताडोब्याच्या कडेच्या गावांच्या नोंदी तयार आहेत. अभयारण्यापासून दूर असलेल्या सेनगाव तालुक्याच्या काय आहेत? ज्याच्या धुऱ्यावर तार आहे तो वनरक्षकाला पंचनाम्याला बोलावत नाही, बोलावणार कसा? तो नुकसान गिळतो. शेजाऱ्याकडे तार नसली तरी तोही तक्रार करत नाही, कारण वनखात्याचा माणूस शिवारात आला तर पलीकडच्याची तार दिसेल आणि भावकीत वैर होईल. असे करत गावच्या गाव कागदावर कोरे राहते. मुंबईत कोणी हिंगोली जिल्ह्याचा तक्ता उघडला तर त्याला वाटेल, इथे डुकरे नाहीत, रोही नाहीत, सगळे आलबेल आहे. तार आपल्याला आजच्या रात्रीचे पीक राखून देते की नाही याची शंका आहे, पण उद्याची भरपाई ती नक्की बुडवते.

म्हणून ग्रामपंचायतीने एक नोंदवही ठेवावी. कोणत्या गटात, कोणते पीक, कोणत्या रात्री, कोणत्या जनावराने, अंदाजे किती. फोटो घ्यायला आणि ॲपवर टाकायला गावातली दोन-चार शिकली पोरे-पोरी नेमावीत, कारण साठीच्या माणसाला ७२ तासांत ते जमत नाही आणि विमा कंपनीला ते कारण चालत नाही. वनखात्याच्या नुकसानभरपाईचा अर्जही त्याच वहीवरून जावा. नुकसान पाचशेचे असले तरी अर्ज जावा. पैशासाठी नाही, नोंदीसाठी.

दुसरे, कुंपण. मी झटका मशीनच्या विरोधात नाही. बॅटरीवर आणि सौर पॅनेलवर चालणारे चांगले मशीन सेकंदाला साधारण एक, क्षणभराचा ठोका देते. जनावर दचकते, मागे फिरते, मरत नाही. मेन लाईन सरळ तारेत सोडून त्याला ‘झटका’ म्हणणे ही मात्र फसवणूक आहे आणि ती शिवारात चालते, हे आपण एकमेकांपासून लपवू नये. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला किमतीच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यातले कमी ते अनुदान आहे. योजना मुळात व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांच्या कडेच्या गावांसाठी आखलेली, म्हणून आपल्यासारखी गावे कडेला राहतात. मग नोंदवहीच्या आधारावर मागणी करता येते, की डुकराला अभयारण्याची हद्द कळत नाही, तुम्हीही ती धरून बसू नका.

आणि कुंपण एकेकट्याने करू नये. हिशेब सोपा आहे. एक हेक्टरच्या चौकोनी वावराला ४०० मीटर कुंपण लागते. शंभर जणांनी वेगवेगळे केले तर ४० हजार मीटर. तेच शंभर हेक्टरचे शिवार एका वेढ्यात घेतले तर ४ हजार मीटर. खर्च दहावा हिस्सा. वर एकट्याने कुंपण केले की कळप शेजाऱ्यात घुसतो, मग शेजारी तार लावतो, आणि त्याच्या तारेत आपलाच बैल जातो. अर्थात एका वेढ्यासाठी शंभर जणांनी एकत्र बसावे लागते. पाण्याच्या पाटावरून आपली काय भांडणे होतात ते मला माहीत आहे. तरीही हे मागतो.

तिसरे, जागल. पूर्वी माळ्यावर बसून आलटून-पालटून राखण व्हायची. आता माणसे कमी, पोरे पुण्याला. तरी हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या दिवसांत पाळ्या लावता येतील. जागलीला जाणाऱ्यांना बॅटरी, भोंगा आणि थोडा मेहनताना पंचायतीने द्यावा. हा खर्च कोणत्या निधीत बसतो हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शोधावे. तार लावणाऱ्याला नाही म्हणायचे तर त्याची रात्र आपण वाटून घ्यायला हवी.

राहिली वीज. शेतीला रात्रीच्या पाळीत लाईट मिळते म्हणून माणूस रात्री वावरात जातो आणि त्याच लाईटवर आकडेही पडतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज द्यायचे सरकारने ठरवले आहे. आपल्या फीडरचे काय झाले, हे ग्रामसभेने महावितरणला लेखी विचारावे. दिवसा पाणी देता आले तर रात्री धुऱ्यावर जायचे एक कारण तरी कमी होईल.

ठराव झाल्यावर ज्याच्याकडे तार, फास किंवा गोळे असतील त्याला ते स्वतःहून काढायला एक महिना द्यावा आणि त्या महिन्यात कोणाचे नाव कुठेही जाऊ नये. त्यानंतर सापडले तर पंचायतीने मध्ये पडू नये. कोणी रदबदली करायला आले, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, तरी नाही.

विषय घेतला गेला तर मी सभेला हजर राहीन आणि कोणाचे उलट म्हणणे असेल तर ते ऐकून घेईन. विशेषतः ज्याने तार लावली आहे त्याचे. त्याने उभे राहून ‘मी लावली, का लावली ते ऐका’ असे म्हटले तर त्याला कोणी अडवू नये.

आपला,
सेनगाव तालुक्यातील एक शेतकरी

प्रत माहितीसाठी आणि उत्तरासाठी: विभागीय वन अधिकारी, हिंगोली, तहसीलदार, सेनगाव, तालुका कृषी अधिकारी, सेनगाव, महावितरणचे संबंधित उपविभागीय कार्यालय, पोलीस ठाणे, गोरेगाव.